बर्फाचा कफील

मी बी.कॉम. आहे. हे मी आजही कुणी न विचारता सांगतो आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. वडील बार्शीच्या मार्केट यार्डात हमाल. माझा निकाल लागला त्या दिवशी त्यांनी पेढे आणले नाहीत; गूळ-शेंगदाणे वाटले, कारण पेढ्यानं हमालाचं पोट भरत नाही असं त्यांचं म्हणणं. ती डिग्री घेऊन मी सत्तरच्या दशकाच्या मध्यावर कतारला गेलो आणि दोह्यात लागलो कुठे, तर बर्फाच्या कारखान्यात.

तिथे बी.कॉम. माणसाचं काय काम, असं मला गावाकडच्यांनी पुष्कळदा विचारलं. काम होतं. मिठाच्या पाण्याच्या टाकीत पत्र्याचे लांब डबे सोडायचे, त्यांतल्या गोड्या पाण्याचा बर्फ धरला की साखळीने वर घ्यायचे आणि लाद्या बाहेर सरकवायच्या, हे काम करायला केरळचे आणि बलुचिस्तानचे लोक होते. कुठली लादी कुणाच्या गाडीत गेली, कुणाला किती दराने दिली, बंदरावर किती, कामगारांच्या कॅम्पांवर किती, हे सगळं माझ्याकडे. खिडकीशी माझं टेबल, टेबलावर टाइपरायटर, आणि अमोनियाचा वास नाकात असा बसलेला की सुट्टीवर घरी आलो तरी आई म्हणायची, तुझ्या कपड्यांना कसला दवाखान्यासारखा वास येतो.

मालकाला आम्ही सगळे ‘अरबाब’ म्हणायचो. तिथे मालकाला तेच म्हणतात. माणूस दिलदार होता. रमजानात आमच्यासाठीही ताटं पाठवायचा, आणि हिशोबाच्या कामासाठी कुणी दुसरा मिळाला असता तरी ‘माझा बी.कॉम.’ म्हणून पाहुण्यांसमोर मला उभा करायचा. मला ते आवडायचं, खोटं कशाला सांगू. हमालाचा पोरगा मी; मला कुणी असं दाखवावं ही गोष्ट लहान नव्हती.

तेव्हा दोह्यात बर्फाचे मोठे कारखाने तीनच. एक आमचा, गावाच्या पश्चिमेला, दुखानच्या रस्त्याच्या तोंडाशी. दुसरा बंदराजवळ, तो अरबाबच्या मेहुण्याचा. तिसरा एका परदेशी कंपनीने चालवायला घेतलेला, त्याचा मॅनेजर गोरा. एका उन्हाळ्याच्या सुरुवातीला या तिघांचं बोलणं झालं की, एकमेकांची गिऱ्हाइकं पळवायची नाहीत. कॅम्प आमचे, बंदर मेहुण्याचं, हॉटेलं आणि दवाखाने गोऱ्याचे, आणि दर तिघांचा एक. अरबाब आणि मेहुणा यांच्यात हे कॉफी पिता पिता, तोंडी ठरलं होतं. दोघांना ते पुरे होतं. पण गोऱ्या मॅनेजरला तोंडी शब्द चालेना, त्याला कागद हवा होता. म्हणून अरबाबने मला बोलावलं आणि सांगितलं, इंग्रजीत एक कागद कर.

मी तो कागद दोन दिवस केला. कॉलेजात मर्कंटाइल लॉ हा विषय मला होता आणि त्यात मला चांगले मार्क होते. ‘हिअरिनआफ्टर’ हा शब्द मी त्यात तीन ठिकाणी घातला. अरबाबने सांगितलेलं सगळं एका परिच्छेदात मावत होतं, आणि एका परिच्छेदाचा कागद मला बी.कॉम.ला शोभेसा वाटेना. तेव्हा मी माझ्या डोक्याने एक कलम जोडलं.

ते कलम समजायला एक गोष्ट माहीत हवी. तिथे आमच्यासारख्यांचा व्हिसा ज्याच्या नावावर, तो आमचा कफील. पासपोर्ट त्याच्या कपाटात. एका कफीलाकडून दुसऱ्याकडे नोकरीला जायचं तर पहिल्याचं ना-हरकत पत्र लागायचं. आम्ही त्याला एन.ओ.सी. म्हणायचो. खोलीवर चार माणसं जमली की त्यातले तीन एन.ओ.सी.बद्दलच बोलत असायचे: कुणाला मिळाली, कुणाची अडली, कुणाला कफीलाने विमानतळावर सोडून घरी धाडलं. ती गोष्ट आमच्या अंगात इतकी मुरली होती की, मला वाटलं, जगाची रीतच ही. मी लिहिलं: एका कारखान्याच्या गिऱ्हाइकाला दुसऱ्या कारखान्यातून बर्फ घ्यायचा असेल तर त्याने पहिल्याचं ना-हरकत पत्र आणावं.

अरबाबला मी ते वाचून समजावलं तेव्हा तो हसला आणि माझ्या पाठीवर थाप मारून ‘वल्ला, बी.कॉम.’ म्हणाला. गोरा मॅनेजरही खूश झाला म्हणे. तिघांच्या सह्या झाल्या. कार्बन प्रत मी आमच्या फायलीत लावली आणि कपाटाची किल्ली खिशात ठेवली.

आमच्या खिडकीवर रोज सकाळी एक मालवणी माणूस यायचा. वयाने माझ्याहून दहाबारा वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला दादा म्हणायचो. तो बंदरावर मासे विकत घ्यायचा, पिकअपमध्ये बर्फात रचायचा आणि दुखानला न्यायचा. दुखान पश्चिम किनाऱ्यावर, तेलकंपनीची वसाहत. तिथे आत जायला फाटकावर पास लागतो. कंपनीच्या कँटीनला आणि वसाहतीतल्या घरांना मासे पुरवायचा पास दादाच्या कफीलाच्या नावावर होता, आणि त्या पासावरच दादाची नोकरी होती. पास गेला की दादाही जाणार, हे त्याला कफीलाने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. घरी परत म्हणजे पुन्हा दुसऱ्याच्या होडीवर खलाशी.

दादाची वाट अशी होती की, त्याचे मासे बंदरावर आणि बर्फ आमच्याकडे, गावाच्या दुसऱ्या टोकाला. थंडीत त्याला हे चालून जायचं. उन्हाळ्यात मासे बंदरावरून आमच्याकडे येईपर्यंतच मऊ पडायला लागायचे. त्यात आमचा दर वाढला. दर वाढवायचा निर्णय माझा नव्हता, पण खिडकीत मी बसलेलो, त्यामुळे बोलणी मी खायचो.

“काय ओ बीकॉमांनू,” दादा एकदा म्हणाला, “दर आयकूनच अंगार शिरशिरी येता. मगे बरफ कित्याक व्हयो?”

रांगेतले लोक हसले. मीही हसलो.

साहजिकच दादाने विचार केला की, बंदरावरच बर्फ घ्यावा. तो मेहुण्याच्या कारखान्यावर गेला. तिथल्या कारकुनाने त्याला नाव विचारलं, कोण कुणाचं गिऱ्हाईक याची वही पाहिली आणि सांगितलं, तू त्यांचं गिऱ्हाईक, त्यांची एन.ओ.सी. आण. दादा गोऱ्याकडे गेला. तिथेही तेच. मग तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, मला चिठ्ठी द्या. मी अरबाबला विचारलं. अरबाबचं म्हणणं सरळ होतं: मी गिऱ्हाईक का सोडू? कराराने बांधलेल्याला चिठ्ठी देणारा मूर्ख कोण?

मी बाहेर येऊन दादाला ‘नाही’ म्हणालो. त्याने लादीसाठी काढलेले पैसे कट्ट्यावर मोजून ठेवले. मग म्हणाला, “ह्यो कागद लिवल्यान कोणी? लिवणारो मासे खायत नसतलो.”

मी खरंच खात नव्हतो. पण कागद माझा, हे मी त्या दिवशी सांगितलं नाही. मी लादी फोडायच्या टोच्याकडे बघत राहिलो.

पुढच्या आठवड्यात दादाचा अर्धा माल वाटेतच गेला. हमूर म्हणजे आपल्याकडचा गोब्रा, चांगला मोठा मासा. त्याचे डोळे पांढरे पडले होते. कँटीनच्या माणसाने त्याला गाडीसकट परत पाठवलं आणि सांगितलं, आणखी एकदा असं झालं तर फाटकावर पास काढून घेऊ. दादाने तो माल रस्त्याच्या कडेला वाळूत पुरला. हे त्याने मला सांगितलं तेव्हा त्याचा आवाज अगदी साधा होता, जसा कुणी बसची वेळ सांगतो. मी त्याला त्या दिवसापासून दोन लाद्या जास्त देऊ लागलो, पण उन्हाळा माझ्या दोन लाद्यांना दाद देत नव्हता.

इथून पुढे जो माणूस येतो, त्याच्याबद्दल मला खरं लिहायचं आहे.

व्यापार खात्यात बाजारभाव बघणारं एक छोटं ऑफिस होतं. दोन खोल्या, एक मिसरी, म्हणजे इजिप्तचा, कारकून, आणि पन्नाशी ओलांडलेला एक कतारी अधिकारी. स्पर्धेचा कायदा वगैरे शब्द तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हते. भाव अवाच्या सवा झाला, माल दाबून ठेवला, गिऱ्हाइकाची अडवणूक केली, तर या ऑफिसला विचारायचा आणि दंड करायचा अधिकार होता, एवढंच. हा अधिकारी तरुणपणी दुखानलाच तेलकंपनीच्या गोदामावर मजूर होता. अक्षरओळख त्याला मोठेपणी, कामावरून आल्यावर प्रौढांच्या वर्गात बसून झाली. त्याआधी गलबतावर मुंबईच्या खेपा केलेल्या, त्यामुळे हिंदी बरी बोलायचा. आणि तो आमच्या अरबाबचा सख्खा मावसभाऊ होता.

मुद्दा तिथेच आहे. एवढासा देश. मोठ्या देशात गैरकारभार करणारा शोधावा लागतो. तिथे तो शुक्रवारी जेवायला शेजारी बसलेला असायचा. अधिकाऱ्याचा मावसभाऊ बर्फवाला, बर्फवाल्याचा मेहुणा बर्फवाला, मेहुण्याचा जावई बहुतेक त्याच खात्यात. आम्ही परके लोक खोलीवर बसून म्हणायचो की, इथे कोण कुणाला काय विचारणार? सगळं घरातल्या घरात. मी तर ते फार शहाणपणाने म्हणायचो.

हा माणूस बाजारात पायी फिरायचा. कापडी कव्हराची वही घेऊन, एकेका वस्तूचा भाव विचारत. त्याने मासळीबाजारात हमूरचा भाव विचारला, तो चढा निघाला. का, म्हणून विचारलं. कोळ्यांनी सांगितलं, बर्फ महाग. बर्फ का महाग, याचं उत्तर कुणाला देता येईना. तिथे आमचे दादा उभे होते. त्यांनी अर्ध्या अरबीत, अर्ध्या हिंदीत, उरलेलं मालवणीत सांगून टाकलं की, बर्फ तीन ठिकाणी मिळतो पण मला एकाच ठिकाणी मिळतो.

दुसऱ्या दिवशी हा अधिकारी आमच्या खिडकीशी आला. रांगेत उभा राहिला. त्याचा नंबर आला तेव्हा त्याने एक लादी मागितली, पैसे दिले आणि पावती मागितली. मी ओळखलं नाही. म्हणालो, एका लादीला पावती कशाला. त्याने शांतपणे ओळखपत्र दाखवलं. मग मी पावती दिली. तशीच पावती त्याने मेहुण्याकडून आणि गोऱ्याकडून आधीच आणली होती. तिन्ही त्याने माझ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या.

म्हणाला, तुमचं पाणी टँकरने लांबून येतं. बंदरवाल्यांचं नळाने येतं. गोऱ्याचं मशीन नवं आहे, त्याला वीज कमी लागते. “तीन घरात तीन बायका स्वयंपाक करतात, आणि मीठ तिघींचं कणभरही कमी-जास्त नाही? हे कसं?”

मला एकदम बार्शी आठवली. आडतीवर दोन व्यापारी हातावर रुमाल टाकून आत बोटं दाबत भाव ठरवायचे. शेजारी उभ्या शेतकऱ्याला रुमाल दिसायचा, बोटं दिसायची नाहीत. माझे वडील पोतं खाली ठेवून मला म्हणायचे, शिक, म्हणजे रुमालाच्या आत काय चाललंय ते तुला कळेल. मी शिकलो. आणि शिकून काय केलं, तर रुमाल टाइप केला.

त्याने मला विचारलं, या तिघांत काही कागद झालाय का. मी म्हणालो, फाइल कपाटात आहे, कपाटाला कुलूप आहे, अरबाबला विचारा. किल्ली माझ्या पँटच्या खिशात मांडीला टोचत होती. त्याने माझ्याकडे पाहिलं. तो रागावेल असं मला वाटलं. तो म्हणाला, “तुझा पासपोर्ट त्याच्या कपाटात आहे. मी तुला हे विचारायला नको होतं. माझं चुकलं.”

सरकारी अधिकारी, आणि माझ्यासारख्या परदेशी कारकुनाला ‘माझं चुकलं’ म्हणतो. मी त्याआधी आणि त्यानंतरही अधिकारी पुष्कळ पाहिले, आपल्याकडचेही पाहिले. ते वाक्य मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलं नाही. जाताना त्याने विकत घेतलेली लादी रांगेतल्या एका टॅक्सीवाल्याला देऊन टाकली.

दोन दिवसांनी दुपारच्या नमाजानंतर अरबाबच्या घरून निरोप आला: बर्फाची फाइल घेऊन ये. मी गेलो. मजलिस म्हणजे पुरुषांची बैठकीची खोली; तिथे गालिच्यावर लोडांना टेकून अरबाब, त्याचा मेहुणा आणि दोन-तीन म्हातारे नातेवाईक बसले होते. आणि तो अधिकारी. मी दाराजवळ, चपलांच्या बाजूला फाइल मांडीवर घेऊन बसलो.

कॉफीवाला फिरत होता. त्याने अधिकाऱ्याच्या हातात लहानसा पेला दिला. अधिकाऱ्याने तो घेतला, ओठाला लावला नाही आणि समोर गालिच्यावर ठेवला. हात गुडघ्यावर.

खोलीतलं बोलणं थांबलं. मला वाटलं, कॉफी निवली असेल. मी काही नुसता बसून राहणारा माणूस नव्हे. उठलो, वाकलो, पेला उचलला, कॉफीवाल्याकडे नेऊन रिकामा केला, गरम कॉफी घेतली आणि अदबीने पुन्हा अधिकाऱ्यासमोर ठेवली. एका म्हाताऱ्याने डोळे मिटले. मेहुण्याने तोंडावर हात ठेवला. कॉफीवाला माझ्याकडे असा बघत होता, की जणू मी लग्नातला अंतरपाट ओढून घडी घालून ठेवला आहे.

नंतर मला कळलं. पाहुण्याने पेला न पिता समोर ठेवला म्हणजे त्याला घरधन्याकडे काही मागायचं आहे. ते मिळेपर्यंत तो कॉफी पिणार नाही. आणि ज्याच्या घरून पाहुणा पेला न पिता उठून गेला, त्या घराला गावात तोंड दाखवायला जागा राहत नाही. असा पेला उचलायचा नसतो. गरम तर मुळीच करायचा नसतो.

अरबाबने मात्र माझ्याकडे पाहिलंही नाही. तो अधिकाऱ्याला म्हणाला, “भावा, तुझी कॉफी पी. काय हवं ते सांग.”

“कागद,” अधिकारी म्हणाला.

अरबाबने मला मान हलवून खूण केली. मी फाइल नेऊन दिली. अधिकाऱ्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं. मिसरी कारकून सोबत नव्हता. त्याने कागद माझ्याच हातात दिला आणि म्हणाला, वाच, हिंदीत सांग. मी वाचू लागलो. कोणाचे कॅम्प, कोणाचं बंदर, दर एक. ‘हिअरिनआफ्टर’चं हिंदी मला येईना, ते सोडून दिलं. मग ते कलम आलं. मी ते वाचलं आणि थांबलो.

त्याने विचारलं, हे डोकं कुणाचं?

अरबाब काही बोलणार होता. मला आजही वाटतं की, तो स्वतःवर घेणार होता. तसा तो माणूस होता. पण डोळ्यांसमोर वाळूत पुरलेले मासे आले. मी म्हणालो, “माझं. अरबाबने सांगितलं नव्हतं. मी माझ्या मनाने घातलं.”

अधिकारी माझ्याकडे वळला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं पण हळू म्हणाला, “आता बर्फालाही कफील?”

आधी म्हातारे हसले, मग मेहुणा हसला, शेवटी अरबाबही हसला. मी हसलो नाही. माझा स्वतःचा कफील समोर बसलेला, आणि मी माझ्याच गळ्यातला पट्टा मापाने कापून एका मासेवाल्याच्या गळ्यात बांधला होता. हे मला त्या हसण्यात कळलं. कॉलेजात नाही कळलं.

अरबाबने कागद माझ्या हातातून घेतला आणि फाडायला दोन बोटांत धरला. म्हणाला, खलास, संपलं, आता कॉफी पी. अधिकाऱ्याने हात पुढे केला. म्हणाला, फाडू नकोस. “फाडलेला कागद पुन्हा टाइप होतो. तुझ्याकडे बी.कॉम. आहे.”

त्याला काय हवं होतं ते त्याने सांगितलं. या कागदाच्या खाली अरबीत लिहायचं की, हा करार आजपासून मोडला. जो येईल त्याला बर्फ मिळेल, कुठलीही चिठ्ठी न मागता. दर ज्याचा त्याने ठरवावा आणि दारावर लिहून लावावा. अरबाबने लिहिलं, सही केली. मेहुण्याने थोडी कुरकुर केली. म्हणाला, बायकोच्या भावाशी स्पर्धा करायला लावतोस, घरात भांडण होईल. अधिकारी म्हणाला, भांडण घरात करा, दर दारावर लावा. मेहुण्यानेही सही केली.

मग अधिकाऱ्याने तो पेला उचलला आणि तिथे बसलेल्या सगळ्यांच्या देखत, तोपर्यंत पार निवलेली ती कॉफी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. पेला हलवून कॉफीवाल्याला परत दिला. अरबाबने सुटकेचा श्वास सोडला.

आणि त्यानंतर त्या माणसाने झब्ब्याच्या खिशातून दंडाचं पुस्तक काढलं.

अरबाब म्हणाला, हे काय? तू मागितलंस, मी दिलं. कॉफी प्यायलास.

“कॉफी मी मावसभाऊ म्हणून प्यायलो,” तो म्हणाला. “दंड खात्याचा आहे. मावशीचं त्यात काही नाही.”

त्याने दोन पावत्या फाडल्या. एक अरबाबला, एक मेहुण्याला. कुणी आवाज चढवला नाही. अरबाबने पावती वाचली, घडी केली, आणि त्याला जेवायला थांबायचा आग्रह केला. तो थांबलासुद्धा. एकाच ताटाभोवती ते तिघे बसले आणि अधिकाऱ्याने मेहुण्याच्या पुढ्यात मांसाचा चांगला तुकडा सरकवला. मी हे डोळ्यांनी पाहिलं, म्हणून लिहितो. आमच्या खोलीवरचं ‘सगळं घरातल्या घरात’ मी त्यानंतर कधी म्हटलं नाही.

गोऱ्या मॅनेजरच्या दारात मात्र तो पेला घेऊन गेला नाही. त्याला इंग्रजीतलं पत्र गेलं, वर खात्याचा शिक्का, खाली मुदत. अधिकारी म्हणायचा, ज्याला पेला कळतो त्याला पेला, ज्याला शिक्का कळतो त्याला शिक्का. गोऱ्याने मुदतीच्या दोन दिवस आधी दंड भरला. पुढे ऐंशीच्या दशकात एजन्सीचे, भावाचे, व्यापाराचे नवे कायदे येत गेले, त्या दोन खोल्यांच्या चार झाल्या, आणि मिसरी कारकुनाच्या हाताखाली आणखी कारकून आले. चांगलंच झालं. सगळेच अधिकारी त्या माणसासारखे निघतील, या भरवशावर देश चालवता येत नाही. पण कायदा पुरा नसताना त्याने तो तेवढ्यावर चालवून दाखवला, आणि नात्यालाही धक्का लावला नाही. हे मी अनेक शिकल्या-सवरल्या माणसांना अभिमानाने सांगत आलो आहे, जणू तो माझाच मावसभाऊ.

मला अरबाबने काढून टाकलं नाही. दुसऱ्या दिवशी एवढंच म्हणाला, यापुढे मी सांगेन तेवढंच टाइप कर. ते मी पाळलं. आणि पुन्हा कधी त्याच्या मजलिशीत कुणाच्या पेल्याला हात लावू नकोस, असंही म्हणाला. तेही पाळलं.

दादाला सांगणं मात्र राहिलं होतं. तो आता बंदरावरच बर्फ घेत होता, त्यामुळे आमच्या खिडकीवर येत नव्हता. एका शुक्रवारी मीच सकाळी बंदरावर गेलो. तो मासे रचत होता: एक थर बर्फ, एक थर मासे, वर गोणपाट. मी सरळ सांगितलं, दादा, तो कागद मी लिहिला होता. त्याचा हात थांबला नाही. आतापर्यंत मला तो ‘तुमी’ म्हणायचा.

“म्हणजे तू लिवलंस तो?” तो म्हणाला. “शिकलेल्या माणसाक दुसरो धंदो नाय?”

मी म्हणालो, चुकलं. त्याने एक गोणपाट माझ्या अंगावर फेकलं आणि म्हणाला, बस गाडीत. मी त्याच्याबरोबर दुखानला गेलो. रस्ताभर तो एक शब्द बोलला नाही. मी मागे वळून वळून गोणपाटातून पाणी किती गळतंय ते बघत होतो. वसाहतीच्या फाटकावर पहारेकऱ्याने पास पाहिला, परत दिला. कँटीनच्या माणसाने गोणपाट उचललं, एका हमूरचा कल्ला बोटाने उघडून बघितला. लाल होता. त्याने दुसरा बघितला, तिसरा बघितला नाही, आणि माणसांना हाक मारून माल आत घ्यायला सांगितला. दादाने पास खिशात ठेवला, वरून दोनदा थोपटला. परतीच्या वाटेवर तो घरचं बोलायला लागला आणि मी पुन्हा ‘तुमी’ झालो.

महिन्याभराने एका सकाळी आमच्या रांगेत त्याचा पिकअप उभा दिसला. दारावर आमच्या नव्या दराची पाटी होती. ती त्याने वाचता येत असूनही मला मोठ्याने वाचायला लावली. मग म्हणाला, मेहुण्याची लादी मधे पोकळ असते, वाळवंटाच्या अर्ध्या वाटेवर फुटते. तुमची घट्ट आहे. पण दर जरा जास्त वाटतो.

मी म्हणालो, दादा, पाटीवर आहे तोच दर.

तो खिडकीच्या कट्ट्यावर कोपर टेकून आरामात उभा राहिला. मागे रांग वाढत होती, हॉर्न वाजत होते, आणि त्याला कसलीच घाई नव्हती.

“बघा हां,” तो म्हणाला, “नायतर मी चललंय बंदरार. आता माका कोणाची चिठ्ठी नको.”

मी अरबाबला फोन लावला. अरबाबने विचारलं, कोण आहे? मी सांगितलं, दुखानचा मासेवाला. परत आलाय, पण दर कमी मागतोय. मग अरबाब म्हणाला, माझ्या मेहुण्याकडून आला ना? दे, काय मागतो ते दे.

मी पाटी खाली उतरवली, ओल्या फडक्याने जुना आकडा पुसला आणि खडूने नवा लिहिला. दादाने तो रांगेतल्या सगळ्यांना वाचून दाखवला.